वाचकांचे प्रश्न : संचारबंदी उठली, मुलीला पुन्हा ढाक्याला पाठवावे का?

जुलै २०२४ पासून या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची पत्रे एकाएकी वाढली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख बांगलादेशाकडे आहे. त्यांपैकी दोन आणि किर्गिझस्तानाविषयीचे एक अशा तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी ढाक्याजवळच्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १८ जुलैच्या रात्री तिकडचे इंटरनेट बंद झाले आणि पुढचे तीन दिवस आम्हाला तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही. वर्गातल्या इतर भारतीय मुलींबरोबर ती आखाऊरा नाक्यावरून आगरतळ्याला आणि तेथून कोलकात्यामार्गे घरी पोहोचली. आता वर्ग सुरू झाल्याचे आणि हजेरी धरली जाणार असल्याचे महाविद्यालयाने कळवले आहे. तिची आजी आणि मामा तिला पाठवायचे नाही म्हणतात, ती स्वतः जायचेच म्हणते, आणि प्रवेश करून देणारा एजंट म्हणतो की वेगळी फी दिल्यास दुसऱ्या एखाद्या देशात थेट दुसऱ्या वर्षात ‘ट्रान्सफर’ करून देतो. घरावर शैक्षणिक कर्ज आहे. मी काय करावे? — एक पालक, लातूर

उत्तर : आधी एजंटचा विषय संपवू, कारण तो सर्वांत सोपा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी जे नियम लागू केले, त्यांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची बारा महिन्यांची इंटर्नशिप हे सगळे शिक्षण एकाच परदेशी संस्थेत पूर्ण व्हावे लागते. त्यातला कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही. युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये अन्य देशांत शिकण्याची मुभा दिली, पण ती त्या युद्धापुरती होती आणि पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच असावी अशी अट तिच्यात होती. २०२४ मध्ये हे लिहीपर्यंत बांगलादेशासाठी तशी कोणतीही सवलत जाहीर झालेली नव्हती. त्यामुळे एजंट ज्याला ट्रान्सफर म्हणतो आहे, त्याचा खरा अर्थ नव्या देशात पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात करणे असा होतो. तो तुम्हाला दुसऱ्या वर्षाचे कागद देईलही, परंतु ते कागद सहा वर्षांनी दिल्लीत कोणी उघडून पाहील तेव्हा तो एजंट फोन उचलणार नाही.

आता मुख्य प्रश्न. अशांततेच्या काळात परदेशी विद्यार्थ्याला दोन धोके असतात आणि घरात वाद होतो तेव्हा आपण दोन्ही एकाच तागडीत टाकतो. पहिला धोका जिवाचा. तो तीव्र असतो, पण बहुधा काही दिवसांत ओसरतो. दुसरा धोका कागदांचा, म्हणजे हजेरी, परीक्षा, पदवीची मान्यता आणि पैसा यांचा, आणि तो वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. यातला दुसरा मी स्वतः भोगला आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये मी मॉस्कोत विद्यार्थिनी होते. १९ तारखेच्या सकाळी दूरदर्शन संचावर बातम्यांऐवजी बॅले चालू होता आणि खाली रस्त्यावर रणगाडे होते. गोर्बाचोव्ह यांना हटवण्यासाठी झालेला तो उठाव २१ तारखेला फसला, म्हणजे जिवाची भीती मोजून तीन दिवसांची होती. त्यानंतर २ जानेवारी १९९२ रोजी सरकारने वस्तूंच्या किमतींवरचे नियंत्रण उठवले आणि जी शिष्यवृत्ती महिनाभर पुरत असे ती आठवड्यात संपू लागली. ज्या देशात मी प्रवेश घेतला होता तो देश पदवी हाती येईपर्यंत नकाशावर उरला नव्हता, आणि भारतात परतल्यावर एका कार्यालयातल्या बाईंना अर्जातील ‘देश’ या रकान्यात सोव्हिएत संघ लिहावे की रशिया, हे ठरवायला चार महिने लागले. घरचे लोक मात्र आजही मला रणगाड्यांविषयीच विचारतात.

तुमच्या मुलीच्या बाबतीत जिवाच्या धोक्याचा विचार तारखा लावून करा. सरकारी नोकऱ्यांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीचे ३० टक्के आरक्षण तेथील उच्च न्यायालयाने ५ जूनला पुन्हा लागू केले, १ जुलैपासून आंदोलन पेटले, १६ जुलैला पहिले बळी गेले, १८ जुलैला इंटरनेट बंद झाले आणि १९ जुलैच्या मध्यरात्री संचारबंदी आली. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ९३ टक्के जागा गुणवत्तेवर भरण्याचा निर्णय दिला, तरी प्रकरण शमले नाही. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि ८ तारखेला मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार स्थापन झाले. परराष्ट्रमंत्र्यांनी ६ ऑगस्टला संसदेत सांगितले की बांगलादेशात सुमारे १९,००० भारतीय असून त्यांपैकी सुमारे ९,००० विद्यार्थी आहेत, आणि यातले बहुतेक विद्यार्थी जुलैमध्येच परतले आहेत. म्हणजे ऑगस्टचा सर्वांत वाईट आठवडा उगवला तेव्हा तुमच्या मुलीसारखी बहुसंख्य मुले आपापल्या घरी होती. पहिल्या संधीला नाका ओलांडण्याचा त्यांचा निर्णय बरोबर ठरला, आणि मला त्यात फार मोठा दिलासा दिसतो : तुमची मुलगी वेळेवर निघू शकणारी मुलगी आहे.

युक्रेनमध्ये नेमके हेच घडले नव्हते. आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी विद्यार्थ्यांना तात्पुरते निघण्याचा विचार करा असे कळवले होते, आणि आक्रमण झाले २४ फेब्रुवारीला. हाताशी नऊ दिवस होते. पण विद्यापीठे ऑनलाइन वर्गांची हमी देईनात, गैरहजेरी लागली तर वर्ष जाईल म्हणून हजारो मुले थांबून राहिली, आणि २४ तारखेच्या पहाटे आकाशमार्गच बंद झाला. पुढे ‘ऑपरेशन गंगा’ राबवावे लागले. यातून मी एकच नियम शिकले आणि तो तुम्ही मुलीबरोबर बसून कागदावर लिहून काढावा अशी माझी विनंती आहे : निघण्याचा निर्णय हजेरीवर सोडायचा नाही. कोणत्या खुणा दिसल्या की कोणालाही न विचारता नाक्याकडे निघायचे, ते आधीच ठरवून ठेवायचे. शहरात संचारबंदी लागणे, इंटरनेट पूर्ण बंद होणे किंवा आपल्या उच्चायुक्तालयाने निघण्याविषयी सूचना देणे, यांपैकी कोणतीही एक गोष्ट घडली तरी ती पुरेशी मानावी.

आता कागदांच्या धोक्याकडे वळू, कारण परत जावे या बाजूने माझे मत झुकते ते त्यामुळेच. बांगलादेशात खासगी महाविद्यालय असले तरी प्रोफेशनल परीक्षा ते ज्या विद्यापीठाशी संलग्न असते ते विद्यापीठ घेते. दुसऱ्या वर्षाच्या मध्याला येणारी पहिली परीक्षा, ज्यात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात, ती पुढे गेली तर सर्वांचीच पुढे जाते, एकट्या तुमच्या मुलीची नाही. आयोगाच्या नियमानुसार प्रवेशाच्या तारखेपासून दहा वर्षांत सगळे पूर्ण करायचे असते. पाच वर्षे अभ्यासक्रम, एक वर्ष तिकडची इंटर्नशिप, एक वर्ष इकडची असे सात धरले, तर तीन वर्षे शिल्लक राहतात. त्यांतील काही काळ भारतातील पात्रता परीक्षेच्या प्रयत्नांसाठी राखून ठेवावाच लागेल, कारण गेल्या काही सत्रांत त्या परीक्षेत पाचांपैकी एकाच्या आसपासच विद्यार्थी उत्तीर्ण होत आले आहेत. तरीसुद्धा एखादे सत्र वाया गेल्याने आभाळ कोसळणार नाही. घरी बसून ऑनलाइन वर्ग पाहण्यात मात्र धोका आहे. प्रत्यक्ष वर्गांना आणि रुग्णशिक्षणाला ऑनलाइन शिक्षण हा पर्याय होत नाही, ही भूमिका आयोगाने करोनानंतर वारंवार आणि कडकपणे मांडली आहे, आणि तशी वर्षे भरून काढता काढता आधीच्या तुकड्यांचे किती हाल झाले ते तुमच्या लातूरच्याच शिकवणी वर्गांच्या परिसरात चौकशी केलीत तरी ऐकायला मिळेल.

मामांना दुसरा पर्याय हवाच असेल, तर तोही स्पष्ट सांगते. परदेशी प्रवेशासाठी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरतात. त्या निकालाची मुदत असेपर्यंत दुसरीकडे पहिल्या वर्षापासून सुरुवात करता येते (२०२२ च्या निकालाची मुदत २०२५ मध्ये संपली), अन्यथा नीट पुन्हा द्यावी लागते. भरलेले पैसे आणि गेलेली दोन वर्षे परत मिळणार नाहीत. मला हा सौदा पटत नाही, पण तो तुमच्या घराचा निर्णय आहे.

ती जाणार असेल तर काही गोष्टी हट्टाने करून घ्या. पासपोर्ट तिच्या ताब्यात असला पाहिजे. व्हिसा वाढवून घेण्याच्या निमित्ताने महाविद्यालयाचे कार्यालय किंवा एजंट वर्गातल्या सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि ते कपाटात पडून राहतात, ही तक्रार माझ्याकडे अनेक देशांतून आली आहे. ज्या दिवशी नाका गाठायचा त्या दिवशी ते कपाट कुलूपबंद असते. पासपोर्ट द्यावाच लागला तर पावती घ्यावी आणि परतीची तारीख लिहून घ्यावी. दुसरी गोष्ट रोख रकमेची. जुलैमध्ये ढाक्यात इंटरनेट गेले तेव्हा बिकाशसारखे मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार अडले, आणि प्रीपेड मीटरचे रिचार्ज होईना म्हणून विजेसाठी लोक वीज कार्यालयांपुढे रांगा लावून उभे राहिले. खोलीत पंखा बंद, मोबाइलची बॅटरी संपत आलेली आणि हातात टाका (बांगलादेशी चलन) नाही, अशा अवस्थेत गाडीवाल्याशी भाडे ठरवता येत नाही. पंधरा दिवसांच्या खर्चाचे टाका आणि थोडे डॉलर वेगळ्या पाकिटात असू द्या. उच्चायुक्तालयाचे, सहपाठींचे आणि एका विश्वासू स्थानिक कुटुंबाचे दूरध्वनी क्रमांक वहीत हाताने लिहिलेले असू द्या. तिचे नाव उच्चायुक्तालयात आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवलेले आहे ना, तेही तपासा.

मार्ग एकच ठरवू नका. ढाका किंवा ब्राह्मणबाडिया येथून आखाऊरा हाच जवळचा नाका आहे हे खरे, परंतु ऑगस्टच्या उत्तरार्धात कोमिल्ला-फेणी भागात महापूर आला तेव्हा तिकडचे रस्ते पाण्याखाली होते आणि त्याचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. पश्चिमेकडे बेनापोल-पेट्रापोल आणि दर्शना-गेदे हे मार्गही तिला माहीत असावेत.

शेवटचे, आणि हे आजींना सांगू नका. हसीना भारतात असल्यामुळे भारताविषयीचा रोष तेथे वाढला आहे आणि तो लवकर निवळेल असे मी म्हणणार नाही. त्यामुळे परीक्षेची तारीख विद्यापीठाने जाहीर करेपर्यंत थांबावे, आणि एकटीने न जाता जुलैत तिच्याबरोबर आलेल्या मुलींसह जावे. मेसमधल्या चर्चेत आणि समाजमाध्यमांवर तिने दोन्ही देशांच्या राजकारणाविषयी चकार शब्द काढू नये, विनोदानेही नको.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ किर्गिझस्तानात बिश्केकमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतो. मे २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांनंतर आम्ही त्याला महागडे तिकीट काढून बोलावून घेतले. त्या खर्चाचा दावा विमा कंपनीने फेटाळला. हे योग्य आहे का? — जळगाव

उत्तर : पॉलिसी न पाहता योग्य-अयोग्य सांगणे कठीण आहे, परंतु विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक प्रवासी विमा पॉलिसींमध्ये युद्ध, बंड आणि नागरी अशांतता या गोष्टी ‘वगळलेल्या बाबीं’च्या यादीत असतात. भाऊ जखमी झाला असता तरी कदाचित हाच वाद उद्भवला असता. शिवाय तुम्ही त्याला सावधगिरी म्हणून बोलावले, कोणत्याही अधिकृत स्थलांतराच्या आदेशाने नाही, हा मुद्दाही कंपनी मांडेल. फेटाळल्याचे कारण पॉलिसीतील कलमासह लेखी मागा. ते कलम सापडत नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येते. पुढच्या वर्षी पॉलिसी घेताना राजकीय अशांततेमुळे मायदेशी आणण्याचे संरक्षण वेगळा हप्ता भरून मिळते का, ते विचारा.

किर्गिझस्तानसाठी तो जादा हप्ता वाया जाईल असे मला वाटत नाही. २००५, २०१० आणि २०२० अशी तीन वेळा तेथे रस्त्यावरच्या उठावाने सत्ता बदलली आहे, आणि जून २०१० मध्ये ओश शहरातील वांशिक दंगलीतून भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर काढावे लागले होते. २०२४ च्या १७ मेच्या रात्रीचा प्रकार वेगळा आणि जास्त काळजीचा होता. १३ मेला स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली, तिची चित्रफीत पसरली आणि जमाव थेट परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. सत्तांतराच्या आंदोलनात परदेशी विद्यार्थी हा बाजूला उभा असलेला माणूस असतो. येथे तोच लक्ष्य होता. म्हणून भावाने वसतिगृहात राहावे की स्थानिक वस्तीत खोली घेऊन, याचा निर्णय मेपूर्वीच्या हिशेबाने करू नये.

प्रश्न : मी सिल्हेटमध्ये चौथ्या वर्षाला आहे. जुलैमध्ये माझे सगळे बांगलादेशी मित्र आंदोलनात उतरले. मी दोन दिवस वसतिगृहाच्या खोलीला आतून कडी लावून बसलो आणि तिसऱ्या दिवशी तामाबिल-डावकी नाक्यावरून निघून आलो. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या डोळ्यात छर्रा गेला आणि तो डोळा वाचला नाही. तो माझ्या शेजारच्या बाकावर बसतो. परत गेल्यावर मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुम्ही बाहेर पडला असतात तर त्यांचे भले झाले नसते, नुकसान झाले असते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने त्या देशाच्या राजकीय आंदोलनात उतरणे बेकायदा ठरू शकते हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की मोर्चात एक जरी भारतीय पासपोर्टवाला सापडला असता तरी ‘यामागे परकीय हात आहे’ असे म्हणायला सरकारला आयते निमित्त मिळाले असते. तुमची कडी तुमच्या मित्रांच्याही उपयोगी पडली, हे त्यांना तुमच्याआधी कळले असेल.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाही, हे मला समजते. २० ऑगस्ट १९९१ च्या रात्री मॉस्कोत पाऊस पडत होता आणि माझी रशियन खोलीसोबतीण संसदभवनाबाहेरच्या साखळीत उभी राहायला गेली होती. त्या रात्री तेथून जवळच तीन तरुण मारले गेले. मी खोलीत होते. सकाळी ती भिजलेल्या कोटानिशी आली, बूट न काढता पलंगावर बसली आणि मी चहा केला. आम्ही काहीच बोललो नाही. पुढे कितीतरी आठवडे मी तिच्याशी गरजेपेक्षा जास्त गोड वागत होते, आणि शेवटी तिनेच वैतागून मला सांगितले की तू पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी राहा, माफी मागत फिरू नकोस. मला ते लागले होते. आता वाटते की ती बरोबर होती.

तेव्हा परत जाईपर्यंत थांबू नका. मित्राला आजच संदेश पाठवा, आणि तो लिहिताना स्वतः कुठे होतो याचा खुलासा करत बसू नका. डोळ्याविषयी विचारा. छऱ्यांनी डोळे जखमी झालेले शेकडो लोक ढाक्याच्या राष्ट्रीय नेत्रविज्ञान संस्थेत दाखल झाले होते आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेसाठी जावे लागणार आहे. त्याच्याही फेऱ्या चालू असतील, तर त्याच्याबरोबर जायला माणूस लागेल. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला केसपेपर वाचता येतो, डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते कळते, आणि सिल्हेटी बोली तुम्हाला एव्हाना वॉर्डात बोलण्यापुरती येत असेल.

वर्गात तो कदाचित तुमच्या दुसऱ्या बाजूला बसायला येईल, कारण ज्या बाजूचा डोळा गेला त्या बाजूचे माणूस दिसत नाही. त्याने काही न बोलता बाक बदलला तर त्याचा वेगळा अर्थ लावू नका. एका डोळ्याची सवय होईपर्यंत अंतराचा अंदाज चुकतो, ग्लासात पाणी ओतताना ते बाहेर सांडते, आणि दुखापत ताजी असेल तर बारीक अक्षर वाचताना डोके दुखते. संध्याकाळी तासभर तुम्ही मोठ्याने वाचा आणि त्याला ऐकू द्या. वैद्यकशास्त्राची पुस्तके तशीही मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत.